शेंगेन व्हिसाचा अर्ज स्वतः करावा की एजंटाकरवी? पत्नी गृहिणी असल्यास कोणती कागदपत्रे जोडावीत?

त्रिमूर्तीनगरकर | ९ जानेवारी

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०१९ साली निवृत्त झालेला शिक्षक आहे. तीस वर्षे मी मुलांना भूगोल शिकवला. आल्प्स पर्वत, र्‍हाईन नदी, हिमनद्यांनी कोरलेल्या दऱ्या हे सारे मी फळ्यावर खडूने काढले, पण प्रत्यक्ष कधी पाहिले नाही. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत, म्हणून पत्नीसह १० मे रोजी पॅरिसला पोहोचायचे आणि २३ मे रोजी रोमहून परतायचे असे ठरवले आहे. पॅरिसमध्ये ३ रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ६ आणि इटलीत ४ असा बेत आहे.

या तिन्ही देशांना मिळून एकच शेंगेन व्हिसा लागतो. त्यासाठी इथे नागपुरातल्या एका एजंटाकडे चौकशी केली. त्याने व्हिसा खात्रीने मिळवून देतो असे सांगितले, मात्र त्याच्या तीन सूचनांनी मी अस्वस्थ झालो आहे. पत्नी गृहिणी आहे, तिच्या नावावर स्वतंत्र उत्पन्न नाही. तर अर्जात ती शिकवणी वर्ग चालवते असे दाखवू, असे तो म्हणाला. दुसरे म्हणजे कोऱ्या अर्जावर दोघांच्या सह्या आधीच देऊन ठेवा, बाकीचे आम्ही भरतो. तिसरी सूचना पैशांबद्दल होती, आणि माझा भाचाही तेच सांगतो: कुणाकडून तरी ५ लाख रुपये महिनाभरासाठी बचत खात्यात घेऊन ठेवा, म्हणजे शिल्लक चांगली दिसेल.

माझे निवृत्तिवेतन दरमहा खात्यात जमा होते. निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम मुदत ठेवीत आहे. घर स्वतःचे आहे. पासपोर्टचा प्रश्न नाही. माझा २०३१ पर्यंत आणि पत्नीचा या वर्षीच्या १० ऑगस्टपर्यंत वैध आहे. आम्ही दोघे आजवर देशाबाहेर गेलेलो नाही. खोटे काहीही न लिहिता, स्वतः अर्ज करून आमच्यासारख्यांना व्हिसा मिळतो का, हे अनुभवी सदस्यांनी कृपया सांगावे.

ऑरेंजसिटी_७ | ९ जानेवारी

सर, सर्वप्रथम अर्ज कोणत्या देशाकडे करायचा ते निश्चित करा. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा असा नियम आहे, आणि दिवस सारखे असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्याच्याकडे. तुम्ही पॅरिसला उतरणार असलात तरी ६ रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, तेव्हा अर्ज स्वित्झर्लंडकडेच करावा लागेल. हा देश युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात आहे. फ्रान्सकडे अर्ज देण्यासाठी भेटीच्या वेळा (अपॉइंटमेंट) लवकर मिळतात म्हणून तिकडे अर्ज करणारे लोक मला ठाऊक आहेत. बेत आणि अर्ज यांचा मेळ बसत नसेल तर तो अर्ज टिकत नाही.

वैनगंगा | ९ जानेवारी

तुमच्या एजंटाने जे सुचवले त्याच्याशी मिळताजुळता प्रकार माझ्या बाबतीत घडला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मूळची भंडाऱ्याची, सध्या मनीषनगरात राहते आणि पुस्तकांची मुखपृष्ठे व मांडणी यांचे काम घरून करते. पहिल्या वेळी मी सगळे काम एका एजंटावर सोपवून निर्धास्त झाले. त्याने माझ्या नावाने हॉटेलांची नोंदणी केली, तिच्या प्रती अर्जाला जोडल्या आणि अर्ज दाखल झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ती सारी नोंदणी रद्द केली. मला याची कल्पनाही नव्हती. माझा व्यवसायही त्याने ‘खासगी नोकरी’ असा लिहिला होता, कारण त्याच्या मते स्वतंत्र काम करणाऱ्या अविवाहित मुलीला व्हिसा मिळत नाही. तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला तो नकाराच्या पत्रासह. त्या पत्रात ठरावीक कारणांची यादी असते आणि लागू असलेल्या कारणापुढे खूण केलेली असते. माझ्या पत्रात दोन खुणा होत्या: मुक्कामाचा हेतू आणि परिस्थिती यांबद्दल दिलेली माहिती विश्वासार्ह नाही, आणि मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल वाजवी शंका आहे. शुल्क परत मिळत नाही, ते गेलेच. पण मला झोंबले ते वेगळेच. माझ्या नावाने कुणीतरी खोटे बोलले होते आणि खाली सही माझी होती.

पुढे सहा आठवड्यांनी मी स्वतः पुन्हा अर्ज केला. नकारानंतर अमुक महिने थांबलेच पाहिजे असा नियम नाही. कारण दूर केले असेल तर पुन्हा अर्ज करता येतो. या खेपेस कव्हर लेटरमध्ये (अर्जासोबत जोडायच्या पत्रात) आधीचा नकार मी आपणहून नमूद केला आणि काय चुकले होते ते लिहिले. नकाराची नोंद शेंगेन देशांच्या सामाईक व्हिसा प्रणालीत पाच वर्षे राहते, त्यामुळे ती लपवण्यात अर्थ नसतो. कामाची बिले, ग्राहकांशी झालेले करार, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे आणि परतल्यानंतर पूर्ण करावयाच्या दोन पुस्तकांची पत्रे जोडली. व्हिसा मिळाला.

सर, कोऱ्या अर्जावर सही मुळीच देऊ नका.

प्रवास_धंतोली | १० जानेवारी

मी पंधरा वर्षांपासून प्रवासव्यवसायात आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. वैनगंगाताईंच्या बाबतीत घडले ते निषेधार्हच आहे, परंतु त्यावरून सगळ्याच व्यावसायिकांना एका मापाने मोजू नये. वयस्कर मंडळींना संगणकावर अर्ज भरणे, भेटीची वेळ मिळवणे, कागद क्रमाने लावणे हे जड जाते, आणि तेवढ्या कामासाठी मोबदला घेणे ही प्रामाणिक सेवा आहे.

मात्र ‘खात्रीने व्हिसा’ असे म्हणणारा माणूस एक तर अज्ञानी असतो नाही तर लबाड. अर्ज केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे घेतले जातात. निर्णय दूतावासातला अधिकारी घेतो, त्यात केंद्राचाही हात नसतो, मग एजंटाचा कुठून असणार? माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी भरलेला अर्ज वाचून दाखवतो, मगच सही घेतो आणि संपूर्ण फायलीची प्रत त्यांच्या हाती देतो. तुमचा एजंट पूर्ण प्रत देण्यास तयार आहे का, हे त्याला विचारा. तो कचरला तर उठून या.

वैनगंगा | १० जानेवारी

दादा, तुमचे म्हणणे मान्य आहे. भरलेला अर्ज मला कुणी वाचून दाखवला असता तर व्यवसायाचा रकाना मी तिथेच दुरुस्त केला असता.

बजाजनगर_बँक | १० जानेवारी

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखा व्यवस्थापक म्हणून निवृत्त झालो. पैशांच्या बाजूबद्दल लिहितो, कारण गैरसमज सर्वांत जास्त तिथेच आहेत.

अधिकारी केवळ शेवटची शिल्लक पाहत नाही, तर खात्याची चाल पाहतो. दरमहा ठरावीक तारखेला निवृत्तिवेतन जमा होते, त्यातून विजेचे बिल, औषधे, किराणा जातो आणि थोडी रक्कम शिल्लक राहते, अशा खात्यावरून माणसाचे स्थिर जीवन दिसते. अर्जाच्या तोंडावर त्यात ५ लाख रुपये अचानक येऊन पडले की पहिला प्रश्न उठतो तो हा की हे पैसे कोणाचे. त्याचे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. उसन्या पैशांनी फुगवलेले खाते हे गरजेपेक्षा कमी शिल्लक असलेल्या खात्यापेक्षाही वाईट दिसते.

स्वित्झर्लंडसाठी दिवसाला माणशी सुमारे १०० स्विस फ्रँक हे प्रमाण धरले जाते. दोघांचे १४ दिवसांचे २,८०० फ्रँक झाले. तुमच्या मुदत ठेवी यासाठी पुरेशा असाव्यात. त्या मोडू नका. बँकेकडून ठेवींचे प्रमाणपत्र घ्या, बचत खात्याचा उतारा शाखेचा शिक्का व सही घेऊन जोडा, आणि प्रवासापुरती एखादी ठेव मोडणारच असाल तर ती आपल्याच ठेवीतून आली हे उताऱ्यात दिसेल असे पाहा. निवृत्तिवेतन आदेशाची प्रत, आयकर विवरणपत्रे आणि महापालिकेच्या घर कराची पावतीही लावा. घर, निवृत्तिवेतन आणि नागपुरातील संसार हेच तुमचे परत येण्याचे पुरावे आहेत.

काटोलची_बाग | ११ जानेवारी

बँकवाल्या काकांचे म्हणणे बरोबर आहे, पण अचानक आलेली प्रत्येक मोठी रक्कम संशयास्पदच ठरते असे नव्हे, एवढे मला नोंदवावेसे वाटते. आम्ही संत्रा उत्पादक. आंबिया बहाराचा बागेचा सौदा झाला की वर्षाचे उत्पन्न दोन-तीन हप्त्यांत खात्यात येते आणि पुढचे कित्येक महिने खाते शांत असते. मुलीच्या पदवीदान समारंभासाठी आम्ही जर्मनीला गेलो तेव्हा माझ्या उताऱ्यात नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्येच मोठे आकडे होते.

मी सातबारा जोडला, व्यापाऱ्याबरोबरच्या सौद्याचा कागद जोडला, कळमना बाजारात विकलेल्या मालाच्या हिशोबपट्ट्या जोडल्या आणि एका पानावर लिहून दिले की आमच्याकडे पैसा बहारानुसार येतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी मी आयकर विवरणपत्र दरवर्षी भरतो, त्याचाही उपयोग झाला. सातबारा आणि पट्ट्या मराठीत होत्या, त्यांची इंग्रजी भाषांतरे करून घेतली. सांगायचा मुद्दा हा की पैसा कसा आला हे तुमच्याजवळ कागदाने सांगता आले पाहिजे. भाच्याच्या ५ लाखांबद्दल ते सांगता येणार नाही.

मिहानकर | ११ जानेवारी

माझे मत थोडे वेगळे आहे. दोघांचेही पासपोर्ट कोरे आहेत. पहिल्याच प्रवासात थेट युरोप गाठण्यापेक्षा आधी थायलंड, श्रीलंका किंवा व्हिएतनाम असा एखादा सोपा देश करून यावा. थायलंडला आपल्याला पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही आणि व्हिएतनामचा ई-व्हिसा घरबसल्या मिळतो. पासपोर्टवर शिक्के दिसले की अधिकाऱ्याचा विश्वास वाढतो.

अंबाझरी_सकाळ | ११ जानेवारी

मिहानकर, प्रवासाची जुनी नोंद उपयोगी पडते हे खरे, पण कोरा पासपोर्ट हे कारण नकाराच्या पत्रातल्या यादीत नाही. सरांना आल्प्स पाहायचा आहे. त्यासाठी दोन माणसांचा खर्च करून आधी बँकॉकला जाऊन या म्हणणे मला पटत नाही. आमचाही पहिला परदेश प्रवास युरोपचाच होता.

मला खरे तर सरांच्या पत्नीबद्दल लिहायचे आहे. मीही गृहिणी आहे. अर्जात व्यवसायाचा रकाना असतो, त्यात मी ‘गृहिणी’ असे लिहिले. खर्च कोण करणार या प्रश्नापुढे स्वतः आणि प्रायोजक असे पर्याय असतात. तिथे प्रायोजक म्हणून पतीचे नाव दिले. सोबत पतीचे पत्र, विवाह प्रमाणपत्र, दोघांच्या संयुक्त खात्याचा उतारा आणि पतीच्या आर्थिक कागदांची प्रत, एवढे पुरले. लाखो गृहिणींचे आयुष्य असेच असते आणि अधिकाऱ्यांनाही ते नवीन नाही. शिकवणी वर्ग दाखवला असता आणि केंद्रावर किंवा फोनवर कोणी विचारले असते की किती मुले येतात, फी किती घेता, तर त्या माउलीने काय उत्तर दिले असते? चाळीस वर्षे घर चालवणाऱ्या बाईला अर्जात दुसरीच कुणीतरी करून दाखवावे लागते, ही कल्पनाच मला अपमानास्पद वाटते.

काकूंच्या नावाचे स्पेलिंगही सगळ्या कागदांवर एकच आहे का ते तपासा. माझ्या आईच्या बाबतीत पासपोर्टवर ‘पुष्पा’ आणि बँकेत ‘पुष्पाताई’ असे होते, तेव्हा एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करावे लागले.

त्रिमूर्तीनगरकर | १२ जानेवारी

सर्वांचे मनापासून आभार. अंबाझरी_सकाळ यांचा प्रतिसाद मी पत्नीला वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, “गृहिणीच लिहा.” एजंटाला नकार कळवला आहे.

आता अडचण विवाह प्रमाणपत्राची. १९८६ साली आमचे लग्न सावनेरला झाले. तेव्हा नोंदणी कोणी करत नसे. आमच्याकडे लग्नपत्रिका आणि फोटो तेवढे आहेत.

जुनी_शुक्रवारी | १२ जानेवारी

आजही नोंदणी करता येते. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहनोंदणी होते, आणि जुन्या लग्नांची नोंदणीही विलंब शुल्क भरून करता येते. महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्या; तुमच्याकडे बहुधा लक्ष्मीनगर झोन लागेल. लग्नपत्रिका, लग्नाचा फोटो, दोघांच्या वयाचे व पत्त्याचे पुरावे आणि तीन साक्षीदार लागतात. आम्ही आई-वडिलांच्या लग्नाची नोंद त्यांच्या वयाच्या सत्तरीत केली. लग्नाला हजर असलेले मामाच साक्षीदार म्हणून आले होते. पासपोर्टवर जोडीदाराचे नाव असेल तर त्याचाही आधार होतो, पण प्रमाणपत्र हाती असलेले बरे; पुढे निवृत्तिवेतनाच्या कामातही काकूंना ते उपयोगी पडेल.

सेमिनरी_हिल्स | १२ जानेवारी

सर, एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट इतक्या प्रतिसादांत निसटली आहे. तुमच्या पत्नीचा पासपोर्ट १० ऑगस्टपर्यंतच वैध आहे असे तुम्ही लिहिले आहे. शेंगेन क्षेत्रातून बाहेर पडण्याच्या दिवसानंतर पासपोर्ट किमान तीन महिने वैध असावा लागतो. तुम्ही २३ मे रोजी परतणार, म्हणजे तो किमान २३ ऑगस्टपर्यंत हवा. तेरा दिवस कमी पडतात. या पासपोर्टवर अर्ज करूच नका. आधी त्याचे नूतनीकरण करून घ्या. शिवाय पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा आणि त्यात किमान दोन पाने कोरी असावीत, अशाही अटी आहेत.

ऑरेंजसिटी_७ | १२ जानेवारी

मी पहिलाच प्रतिसाद दिला आणि हे माझ्या लक्षात आले नाही, याचे वाईट वाटते. सेमिनरी_हिल्स यांनी मोठा अनर्थ टाळला.

त्रिमूर्तीनगरकर | १३ जानेवारी

रात्री हे वाचून आम्ही दोघेही हादरलो. मुदत संपेपर्यंत पासपोर्ट चालतो अशीच माझी समजूत होती. नूतनीकरणात वेळ जाऊन मे महिन्याचा बेत रद्द होईल का?

सेमिनरी_हिल्स | १३ जानेवारी

काळजी करू नका, तुमच्या हाती चार महिने आहेत. पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर पुनर्जारीचा अर्ज भरून नागपूरच्याच केंद्राची वेळ घ्या. ३६ पानांच्या पासपोर्टचे साधे शुल्क १,५०० रुपये आहे. तत्काळसाठी आणखी २,००० रुपये लागतात, पण त्याची गरज तुम्हाला बहुधा पडणार नाही. पत्ता बदलला नसेल तर काम सोपे होते. जोडीदाराचे नाव त्यात आहे का ते याच वेळी पाहा. जुना पासपोर्ट रद्द करून परत देतात, तो जपून ठेवा.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि १५ दिवस आधीपर्यंत करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण शंका उपस्थित झाल्यास ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात. मेमधील प्रवासासाठी मार्चच्या मध्यापर्यंत अर्ज गेला तरी पुष्कळ झाले. उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमुळे भेटीच्या वेळा मात्र झपाट्याने भरतात, त्यामुळे नवा पासपोर्ट हाती पडताच त्याच दिवशी वेळ घ्या.

रामदासपेठ_आई | १४ जानेवारी

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी: मी एकटी मुलाला घेऊन गेले होते. जन्मदाखला आणि वडिलांचे संमतिपत्र दोन्ही मागितले गेले. व्हिसा शुल्क ११ जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतील मुलांना ४५ युरो असे आहे. सहा वर्षांखालील मुलांना ते लागत नाही. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे असते आणि सगळे रुपयांतच भरायचे असते.

मिहानकर | १४ जानेवारी

तिकिटांबद्दल कोणीच लिहिलेले नाही. व्हिसा मिळण्याआधी दोघांची तिकिटे काढून पैसे अडकवण्यापेक्षा काही संकेतस्थळांवर थोडक्या पैशांत तिकिटासारखा दिसणारा कागद मिळतो, तो जोडता येतो.

वैनगंगा | १४ जानेवारी

कृपया हा सल्ला देऊ नका. माझा पहिला अर्ज अशाच कागदांनी बुडाला.

प्रवास_धंतोली | १४ जानेवारी

या बाबतीत मी वैनगंगाताईंच्या बाजूने आहे. परतीच्या प्रवासाचे आरक्षण मागितले जाते, पूर्ण पैसे भरलेले तिकीट नव्हे. विमान कंपनीकडून किंवा नोंदणीकृत प्रवास कार्यालयाकडून आरक्षण घेता येते आणि त्याचा पीएनआर (आरक्षण क्रमांक) खरा असतो. तिकीट काढायचेच असेल तर पैसे परत मिळणारे काढावे. हॉटेले विनाशुल्क रद्द करता येणारी निवडावीत, परंतु निर्णय होईपर्यंत आणि शक्यतो प्रवास होईपर्यंत ती रद्द करू नयेत. नागपूरहून दोहामार्गे पॅरिसला जाता येते आणि रोमहूनही तसेच परतता येते. सामान थेट पुढे पाठवता यावे म्हणून दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात घ्या.

विमा ही दुसरी बाब. वैद्यकीय संरक्षण किमान ३०,००० युरोंचे असावे, संपूर्ण शेंगेन क्षेत्रात चालावे आणि मुक्कामाचा प्रत्येक दिवस त्यात यावा. साठीच्या पुढे हप्ता वाढतो, तरीही मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर तो लपवून स्वस्त विमा घेऊ नका. परक्या देशातल्या रुग्णालयाचे बिल हा फार मोठा धक्का असतो.

त्रिमूर्तीनगरकर | १९ फेब्रुवारी

सविस्तर कळवायचे राहिले होते. विवाहनोंदणी झाली, पत्नीचा थोरला भाऊ सावनेरहून साक्षीदार म्हणून आला आणि झोन कार्यालयाच्या बाकावर बसून त्याने आम्हा सर्वांना १९८६ च्या लग्नातल्या पंगतीची हकीगत सांगितली. नवा पासपोर्ट मिळाला. बँकेने ठेवींचे प्रमाणपत्र दिले. मुंबईच्या केंद्राची १७ मार्चची वेळ मिळाली आहे.

कव्हर लेटर मी स्वतः लिहीत आहे. त्यात आम्ही कोण, कोणत्या दिवशी कुठे राहणार, खर्च कुठून करणार आणि परत का येणार, हे दीड पानात बसवले आहे. इंग्रजी साधे आहे. ते आणखी भारदस्त करावे का?

बजाजनगर_बँक | १९ फेब्रुवारी

करू नका. तारखा, शहरे आणि रकमा अर्जातल्या, आरक्षणातल्या आणि विम्यातल्या तारखांशी तंतोतंत जुळतात ना, एवढे तीनदा तपासा. तीस वर्षे भूगोल शिकवला हे एक वाक्य त्यात जरूर असू द्या. बेत स्वित्झर्लंडभोवती का आहे ते त्यावरून कळते.

काटोलची_बाग | २० फेब्रुवारी

मुंबईला आदल्या रात्री निघून सकाळी पोहोचणाऱ्या दुरांतोने जाऊ नका. आमची गाडी तीन तास उशिरा पोहोचली आणि वेळ हुकता हुकता राहिली. एक दिवस आधी जा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवर आणि अलीकडचेच असावेत. घरकामाने किंवा शेतीकामाने बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. माझे ठसे चौथ्या प्रयत्नात उमटले. काकूंना आधीपासून हाताला थोडे तेल किंवा मलम लावायला सांगा.

त्रिमूर्तीनगरकर | १९ मार्च

अर्ज दाखल झाला. काटोलच्या भावांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही आदल्या दिवशीच मुंबईत पोहोचलो होतो, त्यामुळे धावपळ झाली नाही. केंद्रावरील मुलीने कागद मोजून क्रमाने लावले, शुल्क घेतले, ठसे आणि फोटो घेतले. हे ठसे ५९ महिने ग्राह्य धरले जातात असे समजले. पत्नीला तिने विचारले, “आपण काय करता?” पत्नीने सांगितले, “घर सांभाळते.” पुढचा प्रश्न आला नाही.

अंबाझरी_सकाळ | १९ मार्च

वाचून फार बरे वाटले. पासपोर्ट परत येईपर्यंत धीर धरा, केंद्राला रोज फोन करू नका.

त्रिमूर्तीनगरकर | ७ एप्रिल

आज हे मी लिहीत नाही, पत्नी सांगते आहे आणि मी टंकतो आहे.

नमस्कार, मी सौ. त्रिमूर्तीनगरकर. काल दोघांचेही पासपोर्ट कुरिअरने आले आणि दोन्हींत व्हिसा आहे. तुम्ही सर्वांनी आमच्यासाठी इतके लिहिलेत. ज्यांनी तेरा दिवसांची चूक दाखवली त्यांचे आणि ज्या ताईंनी गृहिणीबद्दल लिहिले त्यांचे मी विशेष आभार मानते. अर्जावरची सही मी मराठीतच केली, पासपोर्टवर आहे तशीच.

एक शंका आहे. व्हिसावर १० मे ते ७ जून असे लिहिलेले आहे. माझी बहीण म्हणते, एवढे दिवस दिलेच आहेत तर आणखी चार दिवस राहून इटलीतले फ्लॉरेन्सही पाहून या. तसे करता येईल का?

सेमिनरी_हिल्स | ७ एप्रिल

काकू, तुमचे दोघांचेही अभिनंदन. मात्र व्हिसावर आणखी एक रकाना असतो, मुक्कामाच्या दिवसांचा. त्यात कोणता आकडा आहे ते पाहा. १४ असेल तर तुम्हाला शेंगेन क्षेत्रात १४ दिवसच राहता येईल. पुढचे १५ दिवस सवलतीचे असतात, म्हणजे प्रवास काही कारणाने पुढे सरकला तर व्हिसा वाया जाऊ नये यासाठी. ते राहण्याचे दिवस नव्हेत. पोहोचण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात, त्यामुळे १० मे ते २३ मे हे बरोबर १४ होतात. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर प्रवेश आणि निर्गमनाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर होऊ लागली आहे, तिथे एक दिवसही जास्त झाला तर लगेच दिसतो. आजारपण किंवा विमान रद्द होणे असे काही अपरिहार्य घडले तर मात्र मुदत संपण्याआधीच तिथल्या अधिकाऱ्यांकडे वाढ मागता येते.

फ्लॉरेन्स पाहायचे असेल तर इटलीतल्या ४ रात्रींतूनच एक दिवस काढा. रोमहून वेगवान रेल्वेने साधारण दीड तासाचे अंतर आहे.

त्रिमूर्तीनगरकर | ७ एप्रिल

आकडा १४ आहे. बहिणीला कळवले. २३ मेचे तिकीट तसेच ठेवले आहे आणि २१ मे रोजी सकाळच्या रेल्वेने फ्लॉरेन्सला जाऊन संध्याकाळी रोमला परत येऊ, असे दोघांनी मिळून ठरवले आहे.

वैनगंगा | ७ एप्रिल

व्हिसाची, विम्याची आणि हॉटेलांच्या नोंदणीची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. पॅरिसला सीमा तपासणीच्या वेळी परतीचे तिकीट आणि मुक्कामाचा पत्ता विचारू शकतात, आणि बॅग त्यानंतरच मिळते.